मिठू भरवतो की ओकतो?

पिंजऱ्यातल्या पक्ष्याने खाल्लेले दाणे पुन्हा बाहेर काढले की घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात, हे मी गेली ३५ वर्षे पाहत आलो आहे. एक पक्ष म्हणतो, "काही नाही हो, लाडात आलाय तो!" दुसरा म्हणतो, "लाड कसले? ओकतोय तो. काहीतरी बाधलंय." पहिल्या पक्षाचे पुढारी बहुधा संध्याकाळी घरी येऊन पक्ष्याशी शीळ घालून बोलणारे घरधनी असतात, दुसऱ्या पक्षात रोज सकाळी पिंजऱ्याखालचा कागद बदलणारी माणसे असतात. मौज अशी की, दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असू शकते. पोपटाच्या जातीचा पक्षी प्रेमानेही घास बाहेर काढतो आणि आजारानेही काढतो. दोन्ही गोष्टी त्याच चोचीतून होतात, दोन्हींत दाणेच बाहेर येतात. पण एकीत काळजीचे काही नसते, आणि दुसरीत घरच्यांनी दोन दिवस वाट पाहिली तर पुढे माझ्यासारख्याच्या हातात करण्यासारखे फारसे उरत नाही.

मी पशुवैद्य आहे. धंद्याची सुरुवात गाई-म्हशींनी झाली, मग कुत्री-मांजरे आली आणि जसजशी चाळी पाडून त्यांच्या जागी फ्लॅट उभे राहू लागले, तसतसे माझ्या दवाखान्यात पिंजरे वाढू लागले. कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ खाली न्यावे लागते, मांजराबद्दल शेजारी तक्रार करतात. पक्षी बिचारा खिडकीपाशी टांगला की कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. त्यामुळे मुलांच्या हट्टाचा निकाल बहुतेक घरांत पक्ष्यावरच लागतो.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला आपला हिरवा देशी राघू घरात ठेवणे आता कायद्याने गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पकडणे, विकणे आणि पाळणे या तिन्ही गोष्टींना बंदी आहे. असा पक्षी जखमी होऊन तुमच्या गॅलरीत पडला, तर वनखात्याला कळवावे. आज घरोघरी दिसतात ते परदेशी पक्षी. बाजारात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात, ते बहुधा खरे लव्हबर्ड नसतातच. ते बजरिगार असतात. मूळचे ऑस्ट्रेलियाचे हे पक्षी जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत इंग्लंडला नेले आणि तिथून ते जगभर पसरले. डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी ठिपका असतो तो कॉकॅटील, तोही ऑस्ट्रेलियाचाच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हे सारे पोपटाच्याच गोतावळ्यातले, म्हणून पुढे जे सांगणार आहे ते सर्वांनाच लागू आहे. आणि घराघरांत या सगळ्यांचे नाव मिठूच असते, म्हणून मीही तेच वापरतो.

आता घास वर कसा येतो ते पाहू. आपण घास गिळला की तो सरळ पोटात जातो. मिठूचे तसे नाही. त्याच्या गळ्याच्या तळाशी, छातीच्या अगदी वर, एक पातळ पिशवी असते. शास्त्रात तिला अन्नपुट म्हणतात. आपण तिला शिदोरीची पिशवी म्हणू या. रानात पक्ष्याला डोळ्यांत तेल घालून, घाईघाईने दाणे टिपावे लागतात. तेव्हा तो ते आधी या पिशवीत भरतो आणि मग निवांत फांदीवर बसून थोडे थोडे पुढे सोडतो. पुढे पहिले जठर असते, त्यात पाचक रस सुटतो. त्याच्याही पुढे पेषणी नावाचे दुसरे, जाड स्नायूंचे जठर असते. तिथे दाणे जात्यासारखे दळले जातात. दात नसलेल्या प्राण्याला निसर्गाने पोटातच जाते बसवून दिले आहे.

शिदोरीच्या पिशवीतले दाणे म्हणजे नुसते भिजलेले, कोमट झालेले, पण न पचलेले अन्न. नर पक्षी हे अन्न हवे तेव्हा वर आणू शकतो, आणि त्याच्या संसाराचा पायाच त्यावर उभा आहे. बजरिगारची मादी अंडी घातली की सुमारे १८ दिवस ढोलीत बसून राहते. त्या काळात तिला खायला आणून घालणे हे नराचे काम. पिल्ले निघाली की त्यांनाही आईबाप याच पिशवीतला मऊ घास भरवतात. म्हणूनच प्रियाराधनाच्या दिवसांत नर मादीच्या चोचीत चोच घालून घास देतो. मुलगा कमावता आहे की नाही हे पाहण्याची ही त्यांच्याकडची रीत आहे, असे म्हणायला हरकत नाही.

पिंजऱ्यात एकट्या पडलेल्या मिठूला मादी नसते, पण जीव लावण्याची ओढ असतेच. मग तो ती ज्याच्यावर बसेल त्याच्यावर खर्च करतो. आरसा, घंटी, प्लास्टिकचा खोटा पक्षी, घरधन्याचा अंगठा, कानातली कुडी, चष्म्याची काडी यांपैकी काहीही त्याला चालते. माद्यासुद्धा असे करतात. यालाच मी या लेखात 'भरवणे' म्हणणार आहे, आणि दुसऱ्याला 'ओकणे'.

भरवणारा पक्षी एकदा नीट पाहिला की विसरणे शक्य नाही. तो आधी आपल्या लाडक्या वस्तूजवळ सरकतो. मान लांब करून खाली-वर, खाली-वर अशी झोकात हलवतो. डोळ्यांच्या बाहुल्या क्षणात बारीक, क्षणात मोठ्या होतात. डोक्यावरची पिसे थोडी फुलतात, गळ्यातून बारीक चिवचिव चालू असते. मग घास वर येतो आणि तो चोचीने, जपून, त्या वस्तूवर ठेवला जातो. कधी तो स्वतःच पुन्हा खाऊन टाकतो. तोंड स्वच्छ असते, पिसे स्वच्छ असतात. घास ठेवून झाला की स्वारी पुन्हा दाण्याच्या वाटीकडे जाते, शीळ घालते, झोका खेळते.

ओकणाऱ्याचे सगळे उलट. त्याला समोर कोणी असो वा नसो, काही फरक पडत नाही. तो मान खाली-वर न करता डोके डावी-उजवीकडे जोराने झटकतो, त्यामुळे चिकट दाणे पिंजऱ्याच्या तारांवर, भिंतीवर, पडद्यावर उडतात. डोक्यावरची आणि गालांवरची पिसे ओली होऊन एकमेकांना चिकटतात. बाहेर आलेल्यात चिकट पाणी असते, कधी आंबूस वास असतो. आणि नंतर तो खेळायला जात नाही. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून, दांडीवर गोळा होऊन बसतो.

माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी एवढेच दोन शब्द लक्षात ठेवायला सांगतो: ठेवणे आणि फेकणे. प्रेमाचा घास ठेवला जातो, आजाराचा फेकला जातो.

यावर एका शास्त्र शिकलेल्या मुलीने मला अडवले होते. ती म्हणाली, "डॉक्टर, पुस्तकात तर फरक वेगळा दिलाय. शिदोरीच्या पिशवीतून आलं तर ते भरवणं आणि जठरातून आलं तर ओकणं. म्हणजे दाणे अख्खे दिसले की काळजी नाही, असंच ना?" प्रश्न चांगला होता. व्याख्या तिची बरोबर होती. निष्कर्ष मात्र धोक्याचा होता. कारण आजार त्या पिशवीलाच झाला, तरी दाणे अख्खेच बाहेर येतात. तेव्हा दाण्याकडे पाहून निवाडा करू नये. दाणा कसा आला आणि त्यानंतर पक्षी कसा आहे, हे पाहावे.

दोन्ही बाजूंनी लोक कसे फसतात हे सांगतो म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

डोंबिवलीचे एक तरुण जोडपे निळ्या बजरिगारला घेऊन धावत आले. दोघांनी रजा टाकलेली, बाईंचे डोळे रडून लाल. "डॉक्टर, दिवसातून दहा वेळा ओकतो हो!" मी पिंजरा टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. पाच मिनिटांत पठ्ठ्या आरशापाशी गेला, माना डोलावल्या आणि आरशावर दोन दाणे अलगद चिकटवून दिले. वजन केले, ३६ ग्रॅम. जातिवंत बजरिगारचे वजन ३० ते ४० ग्रॅम असते, म्हणजे तब्येत उत्तम. मी आरसा काढायला सांगितला. आठवड्याने बाईंचा फोन आला, "दोन दिवस रुसून बसला होता. आता आमच्या ह्यांच्या चष्म्याला भरवतो!" या घरात चूक झाली, पण ती सावधपणाच्या बाजूची. रजेचा एक दिवस गेला, एवढेच नुकसान.

दुसरे घर पुण्याचे. तिथेही बजरिगार, तिथेही आरसा. या पक्ष्याला आरशाला भरवायची सवय दोन वर्षांची. त्यामुळे पिंजऱ्यात जास्त दाणे सांडू लागले तेव्हा घरात थट्टा सुरू झाली, की मिठू लग्नाळू झाला! पाचव्या दिवशी तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला आढळला, तेव्हा ते माझ्याकडे आले. डोक्याची पिसे चिकटून काट्यासारखी उभी राहिली होती. वजन भरले २४ ग्रॅम. शिदोरीच्या पिशवीतले पाणी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात ट्रायकोमोनास नावाचे एकपेशी जंतू वळवळत होते. बजरिगारांना हा रोग बऱ्याचदा होतो, आणि वेळेवर कळला तर औषधाने बराही होतो. मी औषध दिले, ऊब दिली. पण अंगात काही उरलेच नव्हते. रात्रीतच तो गेला. सकाळी घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा रिकामा पिंजरा न्यायला वडिलांबरोबर आला होता. त्याने विचारले, "पण त्याला आरसा आवडत होता ना?" वडील काही बोलले नाहीत.

३५ ग्रॅम म्हणजे तीन मोठे चमचे साखर. एवढ्याशा देहात साठा तो किती असणार? माणूस दोन दिवस ओकला तर त्याला अशक्तपणा येतो. एवढा पक्षी दोन दिवस ओकला तर त्याचा जीव धोक्यात येतो. त्यात आणखी एक अडचण आहे. रानात जो पक्षी आजारी दिसतो त्याला ससाणा आधी उचलतो, म्हणून आजार लपवणे हे पक्ष्यांच्या रक्तातच आहे. तो फुगून बसलेला दिसतो त्या दिवशी आजार सुरू झालेला नसतो. लपवण्याची ताकद संपलेली असते.

तिसरी हकीगत गिरगावातल्या एका जुन्या इमारतीतली. तिथे आजोबांचा कॉकॅटील होता, आणि तो वर्षानुवर्षे आजोबांच्या अंगठ्याला भरवीत असे. गणपतीआधी घराला रंग काढला. जुने थर खरवडले, खिडक्या घासल्या. चार दिवसांनी पक्षी दाणे टाकू लागला. आजोबा आणि मुलगा दोघेही म्हणाले, "नेहमीचंच आहे." पण पिंजऱ्याचा कागद बदलणारी सूनबाई म्हणाली, "नेहमीचं नाही. तो आजोबांकडे बघतसुद्धा नाहीये, तोंड ओलं आहे आणि कागदावर हिरवं पडतंय." ती एकटी रिक्षा करून पक्ष्याला घेऊन आली. क्ष-किरण चित्रात पेषणीत पांढरे शुभ्र कण चमकत होते. जुन्या रंगात शिसे असते. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. खिडकीच्या चौकटीचे सुटलेले जुने पापुद्रे या पक्ष्याने हौसेने कुरतडले होते. शरीरातले शिसे बांधून बाहेर काढणारी इंजेक्शने असतात. ती दिली, आणि पक्षी वाचला. म्हणजे लक्षात घ्या, भरवण्याची सवय असलेला पक्षीही एखाद्या दिवशी ओकू शकतो, आणि त्याच्याच बाबतीत घरचे लोक बेसावध असतात.

ओकण्याची कारणे पुष्कळ आहेत. शिसे झाले, तसे जस्तही. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी, कड्या, कुलुपे कुरतडून ते पोटात जाते. शिदोरीच्या पिशवीत बुरशी धरते, विशेषतः हाताने भरवलेल्या पिल्लांत. बजरिगारांच्या जठरात एका विशिष्ट बुरशीचा रोग होतो. त्यात पक्षी दिवसभर वाटीपाशी बसून दाणे सोलत असतो, घरच्यांना वाटते की खातोय चांगला. प्रत्यक्षात तो वाळत जातो आणि विष्ठेत न पचलेले दाणे दिसतात. नुसत्या राळ्यांवर वाढवलेल्या बजरिगारात आयोडिन कमी पडून गलगंड होतो. ती गाठ आतून दाबू लागली की घास खाली उतरत नाही, आणि श्वासाबरोबर बारीक 'चीं' असा आवाज येतो. मकाव, आफ्रिकन ग्रे यांसारख्या मोठ्या पोपटांत जठर सैल पडण्याचा एक असाध्य रोग आहे. तो बोर्ना जातीच्या विषाणूने होतो हे २००८ साली उलगडले. यकृत किंवा मूत्रपिंड बिघडले तरी ओकारी येते. ही यादी घाबरवण्यासाठी देत नाही. यांतले कोणते कारण आहे हे घरबसल्या ओळखता येत नाही, हे कळावे म्हणून देतो. घरच्यांचे काम एकच: हे भरवणे नव्हे, एवढे ओळखणे.

सगळेच दाणे या दोन खणांत बसतात असेही नाही. मिठू कधी जांभई दिल्यासारखी चोच उघडून मान वेडीवाकडी करतो. पिशवीतला घास नीट बसवण्याचा तो प्रकार असतो, बाहेर काही येत नाही. कधी घशात टरफल अडकते, तो दोन-चार झटके देतो आणि मोकळा होतो. पहिल्यांदाच मोटारीतून नेलेला पक्षी आपल्यासारखाच गाडी लागून ओकू शकतो. हाताने भरवलेले पिल्लू स्वतः खायला शिकू लागते तेव्हा थोडेसे बाहेर काढते. हे सारे एकदा होऊन थांबते. जे पुन्हा पुन्हा होते, त्याची दखल घ्यावी.

आता घरी काय पाहायचे ते सांगतो.

पहिली गोष्ट, पिंजऱ्याखालचा कागद. रोज सकाळी ताजे वर्तमानपत्र घालावे आणि काढलेल्या कागदाकडे टाकण्यापूर्वी मिनिटभर पाहावे. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग दिसतात: गडद गाठोळी, पांढरा चुना आणि भोवती थोडे स्वच्छ पाणी. पांढऱ्याचे पिवळे-हिरवे झाले, पाणी फार वाढले, दाणे अख्खे पडले किंवा विष्ठाच निम्मी झाली, तर काहीतरी बिघडले आहे. रोजचे वर्तमानपत्र वाचून झाल्यावरही बातम्या देते, असे मी म्हणतो ते यासाठी.

दुसरी गोष्ट, वजन. स्वयंपाकघरात केकचे साहित्य मोजायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा आता पुष्कळ घरांत असतो. आठवड्यातून एकदा सकाळी, दाणे देण्यापूर्वी, मिठूला त्यावर बसवावे आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहावा. प्रेमाने भरवणाऱ्याचे वजन टिकते, आजारी पक्ष्याचे घसरते. दहा टक्के घसरण म्हणजे ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम. डोळ्यांना ती दिसणार नाही, कारण पिसे सगळे झाकतात. काटा मात्र सांगतो, आणि तेवढी घसरण डॉक्टरकडे जायला पुरेशी आहे.

तिसरी गोष्ट, समोर कोण आहे. कुणाला तरी उद्देशून दिले तर भरवणे. शून्यात टाकले तर ओकणे. शंका आली तर आरसा, घंटी, खेळणी काढून घ्या आणि खोलीत लांब बसून पाहा. समोर काही नसतानाही दाणे उडू लागले, तर वाद मिटला.

ओकतोय असे ठरले आणि रात्रीची वेळ असली, तर काय करावे? त्याला ऊब द्यावी. पक्ष्याच्या अंगाची उष्णता ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते, आणि ती टिकवण्यात आजारी पक्ष्याची सारी शक्ती जाते. पिंजरा तिन्ही बाजूंनी चादरीने झाकावा आणि एका बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दुसरीकडे सरकता येईल. पूर्वी आम्ही बल्ब लावायला सांगत असू. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत, हे लक्षात ठेवावे. प्यायचे पाणी ताजे ठेवावे. चोचीत मात्र काहीही ओतू नये. ओव्याचे पाणी, मध, एरंडेल, मुलाच्या औषधाचे दोन थेंब हे सारे प्रेमाने दिले जाते, पण पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या बुडाशीच उघडते. ओकणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात जायला वेळ लागत नाही.

सकाळी पिंजरा धुऊन-पुसून आणू नका. आमच्याकडे येणाऱ्या गृहिणी पाहुण्यांकडे जावे तसा पिंजरा लखलखीत करून आणतात, आणि ज्यावरून काही कळले असते ते सारे मोरीत वाहून गेलेले असते. कालचा कागद, उडालेले दाणे तसेच आणा. जमल्यास मोबाइलवर त्याची चित्रफीत घ्या. दवाखान्यात भेदरलेला पक्षी काहीच करून दाखवत नाही. पक्ष्यांचे तपासणारा डॉक्टर तुमच्या गावात कोण आहे, हे पक्षी धडधाकट असतानाच विचारून ठेवा. आणि आजारी पक्ष्याचा पिंजरा हाताळला की हात साबणाने धुवा. पोपटांचा सिटॅकोसिस नावाचा ज्वर माणसालाही होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊ नये म्हणून कागद थोडा ओला करून उचलावा.

आता थोडे त्या प्रेमवीराविषयी. भरवणे हा आजार नव्हे, पण त्याचाही अतिरेक होतो. दिवसभर आरशाला भरवणारा पक्षी स्वतः उपाशी राहतो, चिडचिडा होतो, घरच्यांना चावू लागतो. त्याला रागावून उपयोग नाही. पिंजऱ्यावर कापड टाकून शिक्षाही करू नये. आरसा आणि खोटा पक्षी काढावा. अंगठ्याला भरवू लागला तर हात शांतपणे बाजूला घ्यावा, हसून टाळ्या पिटू नयेत. त्याला ते होकारासारखे वाटते. कुरवाळायचे तर फक्त डोके आणि मान. पाठीवरून, पंखाखालून हात फिरवणे हे त्यांच्यात जोडीदाराचे काम आहे. पिंजऱ्यात घरट्यासारखी अंधारी खोपी ठेवू नये. रात्री बारा तास अंधार आणि शांतता द्यावी. टीव्हीपाशी अकरापर्यंत जागणाऱ्या मिठूला वर्षभर वसंत ऋतूच वाटत राहतो. आणि त्याला कामाला लावावे: कणसाचा तुकडा, पालेभाजीची काडी, कागदात गुंडाळलेला दाणा. सोलायला आणि शोधायला काही असले की विरह कमी जाणवतो.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा घरात फराळाचे डबे भरलेले असतील. दिवाळीच्या आठवड्यात माझ्याकडे ओकणारे पक्षी जास्त येतात, आणि त्याची कारणे दरवर्षी तीच असतात. पाहुण्यांची मुले कौतुकाने चिवडा, चकली, चॉकलेट पिंजऱ्यात घालतात. तेल-मीठ त्याच्या पोटाला झेपत नाही, आणि चॉकलेट तर त्याला विषच. आकाशकंदिलाची चमकी आणि तार पिंजऱ्याच्या टप्प्यात लोंबत असतात. खिडकीचा रंग नुकताच खरवडलेला असतो. आवाज आणि धूर नको म्हणून पिंजरा आतल्या खोलीत हलवतात, ते योग्यच. पण मग या गडबडीत कागद पाहायचा राहून जातो. चार दिवस तेवढे एक काम घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवा. सकाळी कागद पाहायचा, काट्यावरचा आकडा कॅलेंडरवर लिहायचा, आणि मिठूने दाणे काढलेच तर ते ठेवले की फेकले हे आईला येऊन सांगायचे. मुले हे काम मोठ्या माणसांपेक्षा चोख करतात, असा माझा अनुभव आहे. कारण त्यांना कुठल्याच पक्षाची बाजू राखायची नसते.